दोन एकादश्या, दोन बाहुबली आणि एक झेल

मैत्रिणींनो, वर्षात बावन्न शनिवार-रविवार येतात, त्यातले पन्नास कसे जातात हे मी तुम्हाला सांगायला नको. शनिवारी कपाट आवरायचं ठरतं, रविवारी ते तसंच राहतं, आणि सोमवारी कुणी विचारलं, "काय केलंत सुट्टीत?" की पोह्यांखेरीज काही आठवत नाही. पण २०२५ च्या नोव्हेंबरातला पहिला शनिवार-रविवार, म्हणजे एक आणि दोन तारीख, ह्या हिशेबात बसणारा नव्हता. खेळाच्या नि सिनेमाच्या इतक्या बातम्या एकमेकींच्या अंगावर पडल्या, की आमच्या घरी रिमोट कुणाकडे आणि झारा कुणाकडे हेच कळेनासं झालं. आपल्या सदराला ह्या दोन्ही विषयांचं वावडं नाही, तेव्हा आज त्या दोन दिवसांची उजळणी करू या. भाजी निवडता निवडता वाचलंत तरी चालेल.

पहिली गंमत पंचांगानंच केली होती. कार्तिकी एकादशी दोन आल्या. शनिवारी स्मार्तांची, रविवारी भागवतांची. आमच्या जाऊबाई शनिवारची धरतात, सासूबाई रविवारची, आणि आमचे हे दोन्ही दिवस खिचडी खाऊन वर दोन्ही दिवस "पोळी नाही का?" असं विचारतात. "एकादशी नि दुप्पट खाशी" ही म्हण ज्यानं केली, तो आमच्या स्वयंपाकघरात डोकावून गेला असावा. त्यातून रविवारी संध्याकाळपासून तुळशीच्या लग्नांचे मुहूर्त. सकाळी उपास, संध्याकाळी लग्न, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये क्रिकेटच्या विश्वचषकाची अंतिम मॅच. तीही आमच्या घरापासून दोन स्टेशनांवर, नेरूळला! (साबुदाणा आदल्या रात्री भिजवताना पाणी दाण्यांच्या वर एक रेघही जाऊ देऊ नका. दोन दिवस सलग खिचडी करायची वेळ आली, की ही गोष्ट कामाला येते.)

आधी सिनेमाचं उरकून घेते.

शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला, राजामौलींचा "बाहुबली" पुन्हा थेटरात लागला. पुन्हा म्हणजे कसा, तर २०१५ चा पहिला भाग आणि २०१७ चा दुसरा भाग कापून, जोडून, पावणेचार तासांचा एकच चित्रपट केला आणि त्याला नवं नाव दिलं. मला ह्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. कालची पोळी आणि परवाची उसळ एकत्र परतून, वर कोथिंबीर घालून आपणही नव्या नावानं वाढतोच की. फरक एवढाच, की आपल्या पदार्थाला कुणी तिकीट काढून येत नाही, उलट "हे कालचंच ना?" असा टोमणा मिळतो. राजामौलींना मात्र तो कुणी मारला नाही. लोक आनंदानं रांगा लावून गेले.

आणि योगायोग बघा, रविवारी संध्याकाळी ५ वाजून २६ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून दुसरा बाहुबली उडाला. इस्रोच्या एलव्हीएम-३ ह्या अग्निबाणाचं ते लाडकं नाव. त्यानं सीएमएस-०३ नावाचा दळणवळणाचा उपग्रह वर नेला, वजन ४,४१० किलो. इतका वजनदार दळणवळण उपग्रह आपल्या भूमीवरून त्याआधी तिकडे कधी गेला नव्हता. ४,४१० किलो म्हणजे किती, हे मला नुसत्या आकड्यावरून कळेना. मग मी गव्हाचा हिशेब केला. आमच्या घरी वर्षाला दोन क्विंटल गहू लागतात. म्हणजे बावीस वर्षांचे गहू एका दमात माळ्यावर चढवल्यासारखं झालं. आमच्याकडे एक पन्नास किलोचं पोतं जिन्यावरून वर न्यायचं तर तीन पुरुष आणि एक तास चर्चा लागते. तेव्हा शास्त्रज्ञांना माझा मनापासून नमस्कार.

रविवार हा शाहरुख खानचा वाढदिवससुद्धा. साठावा! वांद्र्याला "मन्नत"समोर दरवर्षीप्रमाणे गर्दी लोटली, पण ह्या वेळी त्याला बाहेर येऊन हात हलवता आला नाही. गर्दीच्या सुरक्षेसाठी बाहेर येऊ नये असा सल्ला अधिकाऱ्यांनी दिला, असं त्यानं कळवलं आणि चाहत्यांची माफी मागितली. त्याच दिवशी त्याच्या "किंग" ह्या चित्रपटाची पहिली झलक दाखवली, आणि त्यात महाराजांचे केस चंदेरी! आमच्या शिक्षिकांच्या खोलीत सोमवारी ह्या केसांवर मधली सुट्टी पुरली नाही. "किती रुबाबदार दिसतो ना!" असं एक बाई म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, साठीच्या पुरुषानं केस पांढरे केले की तो रुबाब, आणि आपल्या सदतिसाव्या वर्षी भांगात एक पांढरा केस दिसला की सासरच्या लग्नात तीन जणी कानाशी येऊन मेंदीचं प्रमाण सांगतात. हा काय न्याय आहे? त्यावर त्या म्हणाल्या, "पण मेंदीत कॉफी घालतेस ना तू?" म्हणजे माझं म्हणणं कुठे पोचलं ते बघा.

मराठीतही त्याच शुक्रवारी महेश मांजरेकरांचा "पुन्हा शिवाजीराजे भोसले" आला होता. त्यावर लिहायचं तर वेगळा अंक हवा, म्हणून आज नाही.

आता खेळ. इथेही आधी किरकोळ बाजार करून घेऊ.

टेनिसपटू रोहन बोपण्णानं शनिवारी निवृत्ती जाहीर केली. वय पंचेचाळीस. हा गृहस्थ २०२४ च्या जानेवारीत, त्रेचाळिसाव्या वर्षी, मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष दुहेरी जिंकला आणि दुहेरीत जगातला पहिल्या क्रमांकाचा सगळ्यांत वयस्क खेळाडू ठरला. गुडघ्यांतली कूर्चा झिजल्यावर अय्यंगार योगासनांनी आपल्याला फायदा झाला, असं तो सांगत असे. ही बातमी मी ह्यांच्यासमोर मोठ्यानं वाचली. हे चाळीस वर्षांचे आहेत आणि सिलिंडर हलवताना त्यांची कंबर धरते. बातमी संपल्यावर ते म्हणाले, "दुहेरीत पळावं लागतं कमी." बरं.

तिकडे कॅनडात, टोरांटोला, बेसबॉलच्या "वर्ल्ड सिरीज"चा सातवा आणि निर्णायक सामना झाला. आपल्याकडे तेव्हा रविवारची सकाळ उजाडली होती. लॉस एंजलिस डॉजर्सनी टोरांटोच्या ब्लू जेजना ५-४ असं हरवलं, तेही अकराव्या डावापर्यंत ताणून. विजयाचा फटका मारणाऱ्याचं नाव विल स्मिथ. आमच्या सातवीतल्या चिरंजीवांना वाटलं सिनेमातलाच तो, आणि "आता हा बेसबॉलपण खेळतो?" म्हणून ते चकित झाले. नाही हो, हा वेगळा. मला मात्र नवल ह्याचं वाटतं, की दोन देशांतले संघ आपापसात खेळतात आणि स्पर्धेला नाव जगाचं! आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या पाककृती स्पर्धेला ह्यापुढे "जागतिक" म्हणायला काय हरकत आहे? "बी" विंगमधल्या बाईंची बहीण दुबईहून येतेच.

आणि रविवारी दुपारी होबार्टला आपल्या पुरुषांच्या संघानं वीस षटकांच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाला पाच गडी राखून हरवलं. वॉशिंग्टन सुंदर नाबाद ४९, आणि शेवटी त्याच्या सोबतीला अमरावतीचा जितेश शर्मा नाबाद २२. एरवी आमच्या घरी ह्यावर रात्रीचं जेवण झालं असतं. त्या दिवशी मात्र संध्याकाळची मोठी मॅच सुरू व्हायची वाट बघताना टीव्ही उगाच चालू ठेवायचा, म्हणून पुरुषांची मॅच लावली होती. हे वाक्य पुन्हा वाचा, मैत्रिणींनो. मी लिहून झाल्यावर दोनदा वाचलं.

कारण मोठी मॅच बायकांची होती.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ती पाहिली असेल. न पाहिलेल्यांसाठी आदल्या गुरुवारपासून सांगावं लागेल. ३० ऑक्टोबरला ह्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर उपांत्य सामना झाला. ऑस्ट्रेलियानं ३३८ धावा केल्या. आपल्याकडून जेमिमा रॉड्रिग्ज, आपली वांद्र्याची मुलगी, नाबाद १२७ करून आली आणि नऊ चेंडू राखून मॅच जिंकून दिली. बायकांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग त्याआधी कुणी केला नव्हता. पण मला त्यातलं सगळ्यांत भावलं ते वेगळंच. जेमिमानं नंतर सांगितलं, की आपल्याला तिसऱ्या क्रमांकावर जायचंय हे तिला ठाऊकच नव्हतं. ती अंघोळ करत होती, आणि मैदानात उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी तिला ते कळलं! बायांनो, हे फक्त बाईच्याच नशिबी. आपण अंगावर दोन तांबे घेतले नाहीत तोच दाराशी "गॅसवर काय आहे?", "माझी पट्टी कुठाय?" सुरू होतं. फरक इतकाच, की आपण बाहेर येऊन पट्टी शोधून देतो आणि तिनं १२७ काढल्या.

ह्याच स्पर्धेत तिला मधल्या एका सामन्यात बाहेर बसवलं होतं. संघही मध्ये सलग तीन सामने हरला होता. तेव्हा "ह्यांना दबाव सोसत नाही" असं सांगणारे पुष्कळ होते. आमच्या मजल्यावरही एक आहेत. नाव सांगत नाही, त्यांच्या घरून वर्तमानपत्र घ्यावं लागतं.

तर रविवार. दुपारी तीनला सुरू व्हायची मॅच, आणि नवी मुंबईत पाऊस! नोव्हेंबरात! एकीकडे गच्चीतले कपडे, दुसरीकडे तुळशीसमोर काढलेली रांगोळी, आणि टीव्हीवर मैदानावर अंथरलेली ताडपत्री. सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी पाऊस म्हणजे शुभ." त्यांना तुळशीचं लग्न म्हणायचं होतं. शेवटी दोन तास उशिरानं, पाचला, खेळ सुरू झाला. नाणेफेक दक्षिण आफ्रिकेनं जिंकली आणि आपल्याला फलंदाजी दिली.

आमच्या घरी भाऊबीजेपासून माझी आई मुक्कामाला होती. आईचं आणि क्रिकेटचं जुनं नातं आहे, पण ते सगळं कानांचं. १९८३ च्या २५ जूनला लॉर्ड्सवर कपिलदेवच्या संघानं विश्वचषक जिंकला, तेव्हा आईचं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. चाळीत टीव्ही एकाच घरी. तिथं पंचवीस माणसं, आणि चहा आमच्या घरून जायचा. आईनं त्या दिवशी चार वेळा चहा केला. व्हिव्ह रिचर्ड्सचा उंच उडालेला झेल कपिलनं मागे धावत जाऊन घेतला, तो झेल ज्यानं पाहिला तो आयुष्यभर सांगत राहिला. आईनं तो ऐकला. म्हणजे आरडाओरड ऐकली, आणि दुधाचं पातेलं उतरवून बाहेर आली तोवर रिचर्ड्स तंबूत पोचलेला. "काय झालं?" म्हणून विचारलं तर कुणी उत्तर दिलं नाही. नंतर पुढची कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा दाखवला तेव्हा पाहिला म्हणा, पण आई म्हणते, ते शिळं.

आपल्यापैकी किती जणींनी क्रिकेट असंच पाहिलंय! ओट्यापाशी उभं राहून, हाताला पीठ, आणि ओरडा झाला की लाटणं घेऊन दारात. आपण पोचेपर्यंत चेंडू सीमेबाहेर. पुन्हा दाखवतात तेवढाच आपला वाटा.

आणि गंमत अशी, की विश्वचषक ही कल्पना मुळात बायकांनी आधी प्रत्यक्षात आणली. बायकांचा पहिला विश्वचषक इंग्लंडमध्ये १९७३ साली झाला. पुरुषांचा १९७५ साली. दोन वर्षांनी मोठी बहीण! आपल्याकडे त्याच १९७३ साली मुलींची पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्याला भरली, संघ अवघे तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. मुलींच्या क्रिकेटचा कारभार पुढे कितीतरी वर्षं त्यांची वेगळी संघटना ओढाताणीनं चालवत होती. पुरुषांच्या मंडळानं तो २००६ साली हातात घेतला. त्याआधी पोरी आरक्षण नसलेल्या डब्यातून, बॅटी-पॅडांच्या पिशव्यांवर बसून प्रवास करायच्या. २००५ च्या विश्वचषकात आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, तेव्हा एका मॅचमागे हजार रुपये मिळाले, असं मिताली राजनं सांगितलंय. हजार रुपये! त्या काळी आमच्या कॉलनीत गाण्याची शिकवणी घेणाऱ्या बाई ह्याहून जास्त मिळवत असतील. २०१७ ला पुन्हा अंतिम सामना, ह्या वेळी लॉर्ड्सवर, आणि इंग्लंडकडून अवघ्या नऊ धावांनी हार. पुरुष आणि बायकांना मॅचचं मानधन सारखं द्यायचं ठरलं ते २०२२ साली. म्हणजे मुलींना बरोबरीचा चहा मिळायला किती आधणं गेली, मोजा.

हे सगळं मी ह्यांना सांगत होते तेवढ्यात सांगलीच्या स्मृती मानधनानं आणि हरियाणाच्या शफाली वर्मानं शंभराची सलामी देऊन टाकली. आता ही शफाली बघा. आठ दिवसांपूर्वी ती ह्या संघातच नव्हती! सलामीची प्रतिका रावल पायाला दुखापत होऊन बाहेर गेली, म्हणून शफालीला घाईघाईनं बोलावणं आलं. आपल्याकडे मंगळागौरीला एखादी फुगडीवाली आजारी पडली की ऐन वेळी शेजारणीला साडी नेसवून उभी करतात, तसंच. ती आली, ७८ चेंडूंत ८७ धावा केल्या, आणि एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. हरमनप्रीतनं तिच्या हातात चेंडू दिला. जी क्वचितच गोलंदाजी करते, तिला अंतिम सामन्यात! तिनं दोन गडीही काढले, त्यातली एक मारिझान काप, त्यांच्या संघातली सगळ्यांत जुनीजाणती. सामन्याची मानकरी शफालीच. वय वर्षं एकवीस. लहानपणी गावात मुलींना खेळायला घेत नव्हते, म्हणून केस कापून मुलांत खेळायला गेलेली ही मुलगी. आमच्या शाळेत आठवीतली एक मुलगी केस कापून आली, तर तिच्या आजी मुख्याध्यापिकांना भेटायला आल्या होत्या.

आणि ती प्रतिका! संपूर्ण स्पर्धेत तीनशेवर धावा करून ऐन शेवटच्या दिवशी चाकाच्या खुर्चीत. दिवाळीचा सगळा फराळ एकटीनं करावा आणि लक्ष्मीपूजनाला तापानं पडावं, तसं झालं तिचं. पण जिंकल्यावर मैत्रिणींनी तिला खुर्चीसकट मैदानात घेतलं, खांद्यावर तिरंगा घालून. टीव्हीसमोर मी तेव्हा पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा लवकरच.

आपल्या धावा झाल्या ७ बाद २९८. दीप्ती शर्माच्या ५८, रिचा घोषच्या २४ चेंडूंत ३४. मधल्या वेळात मी तुळशीचं लग्न लावलं. आमच्या इमारतीतली सगळ्यांत कमी वेळात उरकलेली मंगलाष्टकं ती. भटजींचा मोबाइलही पाटाशेजारी उभा केलेला होता, त्यामुळे तक्रार कुणी कुणाकडे करायची?

मग दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्वार्ट उभी राहिली. काय सुंदर खेळते हो ती बाई! शत्रुपक्षाची म्हणून राग यायला हवा, पण येत नव्हता. तिनं १०१ केल्या. तिकडे एकेक गडी पडत होता आणि ही एका बाजूनं घर सांभाळल्यासारखी उभी. बेचाळिसाव्या षटकात तिनं दीप्तीला उंच मारलं. खाली अमनजोत कौर. चेंडू हातात आला, सुटला, पुन्हा उडाला, पुन्हा सुटला, आणि तिसऱ्या खेपेला एका हातात राहिला! तापलेल्या कढईतून पुरी हातानं काढल्यासारखं चाललं होतं. आमच्या घरी त्या अडीच सेकंदांत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. उपासाच्या सासूबाईंनी तर "पांडुरंगा!" म्हणून पदर तोंडात धरला.

शेवटचा गडी मध्यरात्रीच्या सुमाराला पडला. डी क्लर्कनं दीप्तीला फटकावलं, आणि हरमनप्रीतनं मागे धावत जाऊन तो झेल घेतला. मागे धावत जाऊन, बरं का. मी आईकडे पाहिलं. आई सोफ्यावर मांडी घालून बसली होती, हातात ह्यांनी केलेला चहा. (हो, ह्यांनी. साखर जास्त होती, पण त्या रात्री कुणी काही बोललं नाही.) आई एवढंच म्हणाली, "हा मी पाहिला."

२४६ ला सगळ्या बाद, आपण ५२ धावांनी जिंकलो. दीप्तीचे ३९ धावांत पाच बळी, आणि सगळ्या स्पर्धेत मिळून बावीस बळी आणि २१५ धावा. फटाके फुटले, खालच्या गुरख्यानं शिट्टी वाजवली.

त्यानंतर जे दाखवलं ते दोन प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे ह्या पोरींनी तो चषक नेऊन मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा ह्या आधीच्या खेळाडूंच्या हातात दिला. पंगतीत आधी वाढणाऱ्यांना बसवावं, तसं. त्या रडत होत्या, आमच्याही घरी दुसरी फेरी झाली.

दुसरा प्रसंग प्रशिक्षकांचा. अमोल मुजुमदार, मुंबईचे. १९८८ साली शाळेच्या सामन्यात तेंडुलकर आणि कांबळीनं ६६४ धावांची ती प्रसिद्ध भागीदारी केली, तेव्हा पुढच्या क्रमांकाला जायचं म्हणून तेरा वर्षांचा हा मुलगा पॅड बांधून बसून राहिला, आणि त्याची पाळी आलीच नाही. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, रणजी करंडक जिंकणाऱ्या मुंबईचं नेतृत्व केलं, तरी भारताकडून खेळायची पाळी कधी आली नाही. त्या रात्री हरमनप्रीत सरळ जाऊन त्यांच्या पाया पडली. पाळीची वाट बघत बसलेला माणूस कसा दिसतो हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? सगळ्यांचं आटोपल्यावर आपलं ताट वाढून घेणारी माणसं आपण. मला वाटतं, ह्या मुलींना हेच प्रशिक्षक मिळणं योग्य होतं.

सोमवारी सकाळी हरमनप्रीतचा एक फोटो सगळीकडे फिरत होता: चषक कुशीत घेऊन झोपलेली. अंगातल्या सदऱ्यावर, क्रिकेट हा सभ्य गृहस्थांचा खेळ, ह्यातले गृहस्थ खोडून तिथे "सर्वांचा" असं लिहिलेलं. आमच्या चिरंजीवांनी विचारलं, "आई, सभ्यपण खोडलं का?" मराठीची शिक्षिका असल्याचे हे भोग.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. आमच्या शेजारच्या काकूंची नात नववीत आहे. दोन वर्षं रोज पहाटे मैदानावर जायची, डावखुरी जलद गोलंदाज. दिवाळीनंतर तिची किटबॅग माळ्यावर गेली. पुढच्या वर्षी दहावी, साडेसहाचा क्लास लावलाय, शिवाय "उन्हानं किती काळी झालीये बघ" हे आहेच. मुलगी काही बोलली नाही. मुली नाहीच बोलत. रविवारी ती आमच्याकडे मॅच बघायला आली होती. सगळे सोफ्यावर, ही जमिनीवर, आणि क्रांती गौड धावत आली की हिचा डावा खांदा आपोआप हलायचा. ते काकूंनी पाहिलं. मी पाहिलं की काकूंनी पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी इमारतीतल्या पोरींनी तुळशीच्या मांडवाचे तीन ऊस उपसून खाली स्टंप म्हणून रोवले. चार घरचे ऊस गेले म्हणून थोडी आरडाओरड झाली. गोलंदाजीला शेजारची नात. काकू गॅलरीत उभ्या राहून बघत होत्या. रात्री बॅग माळ्यावरून खाली आली. क्लासवाल्यांना संध्याकाळची तुकडी आहे का, हे काकूंनी मला विचारायला सांगितलंय, कारण मी शाळेतली, माझं ऐकतील. तुकडी आहे, पण फी महिना तीनशेनं जास्त आहे. काकू म्हणाल्या, "मुलाशी बोलून बघते." बॅग सध्या त्यांच्या दाराआड उभी आहे, आणि मी दूध घ्यायला दार उघडलं की ती अजून तिथेच आहे ना, हे आधी बघते.